ट्रॅक्टरचे जड झालेले स्टेअरिंग : निदान व दुरुस्ती

हुबळीच्या लगत असलेले तारिहाळ आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तेथे औद्योगिक वसाहतीतील लहानमोठे कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांच्या पाठीशीच काळ्या मातीची शेते पसरलेली आहेत. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी त्या बाजूचा नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी सलग सहा दिवस शाळेत आला नाही. चौकशी करता समजले की, त्याच्या घरचा सुमारे तीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर नादुरुस्त झाला असून वडिलांच्या मदतीसाठी तो घरी राहिला आहे. ट्रॅक्टरचे इंजिन उत्तम चालत होते, नांगरही उचलला जात होता. परंतु स्टेअरिंग इतके जड झाले होते की, शेताच्या बांधापाशी वळण घेताना वडिलांस आसनावरून अर्धे उठून दोन्ही हातांनी चक्र ओढावे लागे. त्यांचा खांदा आधीच दुखावलेला होता. मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वापसा आला होता, मुगाची पेरणी व्हावयाची होती. आणि काळ्या जमिनीचा वापसा कोणासाठी थांबत नाही, हे शेतकऱ्यांच्या मुलांस निराळे सांगावयास नको.

कोणी तरी त्यांस सांगितले की, "पंप गेला असेल, नवा घाला." त्यांनी उसनवारी करून नवा पंप आणला व बसविला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो स्टेअरिंग पूर्वीइतकेच जड, आणि पंपातून येणारा कुईं कुईं आवाजही पूर्वीचाच! ही हकीकत ऐकून पुढल्या रविवारी आम्ही त्या मुलासमवेत तारिहाळ येथील एका वृद्ध मेस्त्रींच्या दुकानी गेलो. आम्ही साहित्याचे पदवीधर. यंत्रविद्येशी आमचा संबंध तो इतकाच की, वर्गात मुले प्रश्न विचारतात. आमच्या घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी. मेस्त्रींनी मराठी व कन्नड यांची मिसळ करून जे समजाविले, ते येथे शक्य तितक्या क्रमाने मांडीत आहो. त्या ट्रॅक्टरचे पुढे काय झाले ते योग्य स्थळी येईलच.

१. पूर्वपीठिका

आपल्या या भागात शेतीत लोखंड आले त्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे बेळगावास येऊन त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान चालविले, नंतर कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडाच्या फाळाने जमीन नासेल, या समजुतीमुळे त्यांचे नांगर प्रारंभी विकले जात नव्हते. आज तो नांगर ट्रॅक्टरच्या मागे जोडला जातो. आयशर कंपनीने फरिदाबाद येथे १९५९ साली भारतात बनविलेला पहिला ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यानंतर हे यंत्र हळूहळू गावोगाव पोहोचले.

जुन्या ट्रॅक्टरांत पुढील चाके वळविण्याचे सर्व काम चालकाच्या मनगटास करावे लागे. ट्रॅक्टर पळत असता चाक वळविणे त्यामानाने सोपे. कारण ते फिरता फिरता वळते. परंतु यंत्र उभे असताना किंवा ओल्या चिकण मातीत अगदी सावकाश चालले असताना रबरी टायर जमिनीवर घासत वळवावा लागतो, आणि येथेच खरी शक्ती लागते. या कामी तेलाच्या दाबाची मदत घेण्याची जी योजना, तिलाच पॉवर स्टेअरिंग म्हणतात. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने अशी योजना तयार करून १९२६ साली मोटारीवर बसवून दाखविली. पुढे १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारीतून ती सामान्य ग्राहकांस मिळू लागली; आणि शेतातील ट्रॅक्टरांनीही तिचा स्वीकार केला.

२. तत्त्व

या योजनेचे मूळ तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेल्या पास्कलच्या नियमात आहे. ब्लेझ पास्कल हा १६२३ ते १६६२ या काळात होऊन गेलेला फ्रेंच पंडित. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा त्याचा सिद्धान्त. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर १० किलो भार दिला, तर त्याच तेलास लागून असलेल्या ५० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर ५०० किलोचा रेटा उत्पन्न होतो. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही: मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर सरकण्यासाठी लहान दट्ट्या पन्नास सेंटिमीटर सरकावा लागतो. याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली द्रवदाबाच्या यंत्राचे एकस्व मिळविले.

आता हे ट्रॅक्टरास लावून पाहू. समजा, स्टेअरिंगच्या सिलिंडरातील दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ ३.१४ × २.५ × २.५ म्हणजे सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. पंपाने प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ८० किलो दाब निर्माण केला, तर दट्ट्यावर सुमारे १५७० किलोचा रेटा येईल. चालकाचे बोट चक्रावर असते, आणि चाक मात्र दीड हजार किलोचा हात वळवितो!

याच उदाहरणातील आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. दट्ट्याच्या एका बाजूस दांडा असतो. दांड्याचा व्यास अडीच सेंटिमीटर मानला, तर त्याने सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर जागा अडविली. म्हणून त्या बाजूने तेल आले की रेटा फक्त १४.७ × ८०, म्हणजे सुमारे ११७६ किलो इतकाच मिळतो. ज्या ट्रॅक्टरात असा एकच सिलिंडर असतो, तेथे उजवीकडे व डावीकडे वळविताना किंचित फरक जाणवणे हा बिघाड नव्हे. ज्यास गणित ठाऊक नाही तो या फरकासही दोष समजून दुरुस्तीस प्रवृत्त होईल.

३. अवयव व त्यांची कामे

मेस्त्रींनी प्रथम आम्हांस तेलाचा प्रवास दाखविला. "तेल कोठून निघते, कोठे जाते व परत कोठे येते, एवढे ज्याला सांगता येईल त्यानेच पाना हाती घ्यावा," असे ते म्हणाले.

तेल टाकीत असते. टाकीत किंवा तिच्या मुखाशी गाळणी असते. टाकीतून एक जाड, मऊ नळी पंपाकडे जाते. ही शोषणाची नळी. पंप बहुधा दोन दंतचक्रांचा असतो. ती चक्रे एकमेकांत अडकून फिरतात व आपले दात आणि कवच यांमधील पोकळीतून तेल कडेकडेने वाहून नेतात. पंपास गती कोठे पट्ट्याने, तर कोठे इंजिनच्या दंतचक्राकडून मिळते. पंपातून निघालेली दाबाची मजबूत नळी स्टेअरिंगच्या झडपेकडे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत व्हॉल्व्हकडे जाते. चालक चक्र ज्या दिशेस फिरवील त्या बाजूस ही झडप तेल पाठविते. तेल सिलिंडरात शिरून दट्ट्या ढकलते, दट्ट्याचा दांडा चाकांच्या जोडदांड्यांस ढकलतो, आणि चाके वळतात. दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूचे तेल परतीच्या नळीने टाकीत येते. दाब मर्यादेबाहेर वाढू नये यासाठी एक सुरक्षा-झडप असते. तिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात.

काही जुन्या ट्रॅक्टरांत चक्र व चाके यांमध्ये लोखंडी जोडणी कायम असते, तेल केवळ मदत करते. दुसऱ्या प्रकारात आसनापासून चाकांपर्यंत लोखंडी जोडणी मुळीच नसते. सर्व काम नळ्यांतील तेलच करते. या दुसऱ्या प्रकारात इंजिन बंद पडले, तर चक्राखालील भाग हातपंपाप्रमाणे थोडे काम देतो. पण चक्र फार जड होते. म्हणूनच उतारावर इंजिन बंद करून ट्रॅक्टर सोडणे हे अत्यंत घातक होय.

४. हात लावण्यापूर्वी

आपल्या घरची मुले उत्साहाने यंत्राखाली शिरतात. यास्तव पुढील चार नियम प्रथम सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिला नियम : ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करावा, हातब्रेक लावावा, मागील चाकांस उटी द्यावी, जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे आणि इंजिन बंद करावे. पुढील भाग उचलल्यास केवळ जॅकवर विसंबून त्याखाली जाऊ नये. खाली भक्कम आधार द्यावेत.

दुसरा नियम : कोणतीही नळी सोडविण्यापूर्वी इंजिन बंद करून चक्र दोन्हीकडे काही वेळा फिरवावे, म्हणजे आत कोंडलेला दाब उतरतो. तेल तापले असल्यास निवू द्यावे.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : इंजिन चालू असता नळीतून तेल कोठे फुटते आहे हे बोटाने कधीही चाचपू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. वर केवळ टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, प्रारंभी वेदनाही फारशी होत नाही. पण आत गेलेले तेल मांस नासविते, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असा प्रसंग आलाच, तर दुखो अथवा न दुखो, तत्काळ रुग्णालयात जाऊन 'दाबाचे तेल आत गेले आहे' असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा दूरून धरावा. तेलाचा डाग त्यावर उमटतो. आमच्याबरोबरच्या मुलाने त्या दिवशी नळीकडे बोट नेले होते; मेस्त्रींनी त्याचे मनगट धरून मागे ओढले, आणि मगच त्यास वरील कारण सांगितले.

चौथा नियम : स्टेअरिंगमध्ये शंका असताना ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नये. शेतात चुकलेले वळण एक तास घालविते. रस्त्यावर चुकलेले वळण माणूस घालविते.

५. निदानाचा क्रम

वैद्य ज्याप्रमाणे प्रथम नाडी व जीभ पाहतो आणि शस्त्रक्रियेचा विचार शेवटी करतो, त्याचप्रमाणे येथेही सोपे व बिनखर्चाचे ते आधी, अवघड व खर्चाचे ते मागून, असा क्रम ठेवावा.

(अ) दोष तेलात आहे की लोखंडात? पुढील टायरांत हवा कमी असेल, तर उत्तम पॉवर स्टेअरिंगही जड भासते. दोन्ही टायरांतील हवा सारखी व पुस्तिकेत सांगितल्याइतकी आहे ना, हे पाहावे. पुढील आसाच्या खिळांस व सांध्यांस ग्रीस मिळाले आहे ना, हे तपासावे. मग पुढील भाग आधारावर उचलून सिलिंडरचा दांडा चाकाच्या जोडणीपासून सोडवावा आणि चाके हातांनी वळवून पाहावीत. ती तशीही जड वळत असतील, तर बिघाड लोखंडी सांध्यांत आहे; तेलाच्या भागास हात लावण्याचे कारण नाही. ती हलकी वळत असतील, तर पुढे जावे.

(आ) तेल : सपाट जागी, चाके सरळ ठेवून, इंजिन बंद असता पातळी पाहावी. ती कमी असेल, तर तेल गेले कोठे याचा शोध घ्यावा. ते वाफ होऊन उडून जात नाही. तेलाचा रंगही बोलतो. दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. फेसाळ असेल तर हवा शिरली आहे. काळे व जळक्या वासाचे असेल तर ते फार तापले आहे. त्यात लोखंडाचा चकाकणारा चुरा असेल तर आतील एखादा भाग झिजत आहे.

(इ) पट्टा : पंप पट्ट्यावर चालत असेल, तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालेला नाही ना, हे पाहावे. असा पट्टा नेमका वळणाच्या वेळी, म्हणजे पंपावर भार येताच, घसरतो.

(ई) गाळणी व शोषणाची नळी : गाळणी काढून स्वच्छ करावी अथवा बदलावी. नळी दाबून, वाकवून तिच्यास भेगा पडल्या आहेत काय, तिच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट आहेत काय, हे पाहावे.

(उ) दाबाच्या नळ्या : वर सांगितल्याप्रमाणे पुठ्ठ्याने गळती शोधावी. सिलिंडरच्या दांड्यावर ओरखडे असतील, तर तेथील ऑइल सील कितीही नवे घातले तरी टिकणार नाही.

(ऊ) दाबमापक : एवढे झाल्यावरही दोष राहिला, तर जाणत्या कारागिराकडून दाबमापक लावून घ्यावा. चक्र एका टोकास काही क्षणच धरून दाब पाहतात आणि पुस्तिकेतील आकड्याशी ताडतात. दाब कमी भरल्यास प्रथम रिलीफ व्हॉल्व्ह उघडून पाहतात. तेथे कचऱ्याचा एक कण अडकला, तरी झडप उघडी राहून तेल परस्पर टाकीत जाते. ती निर्दोष असेल, तरच पंपाकडे वळावयाचे. दाब योग्य असूनही चाक वळत नसेल, तर झडप किंवा सिलिंडरातील दट्ट्याचे सील संशयित ठरते.

यावरून दिसेल की, पंपाची पाळी अगदी शेवटी येते. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी प्रारंभच तेथून झाला होता.

६. लक्षणांचे अर्थ

दोन्ही बाजूंस जड : तेल कमी, पट्टा ढिला, गाळणी तुंबलेली, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहिलेला, अथवा पंप झिजलेला.

एकाच बाजूस जड : पंप दोन्ही बाजूंस एकच असतो, तेव्हा तो बहुधा निर्दोष. त्या बाजूची नळी चेपलेली आहे काय, झडप अडकते काय, किंवा जोडदांडा वाकला आहे काय, हे पाहावे.

सकाळी हलके, तेल तापल्यावर जड : तापलेले तेल पातळ होते व झिजलेल्या फटींतून मागे निसटते. पंप, झडप किंवा दट्ट्याचे सील यांची आतील झीज हे याचे सामान्य कारण होय.

सकाळी जड व कुईं कुईं आवाज : थंड तेल दाट असते; ते ओढून घेताना शोषणाच्या बाजूचा अडथळा किंवा तेथील हवेची गळती उघड होते.

चक्र धक्के देत फिरते : तेलात हवा मिसळली आहे. तेल दाबले असता जवळजवळ आकसत नाही, पण हवा आकसते. म्हणून रेटा एकसारखा न मिळता तुटक तुटक मिळतो.

चक्र टोकास पोहोचल्यावरही हळूहळू फिरत राहते : दट्ट्याच्या सीलमधून किंवा चक्राखालील भागातून तेल आतल्या आत निसटत आहे. बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणून हा दोष फसवा असतो.

चक्र हलके, पण ट्रॅक्टर सरळ चालत नाही : जोडदांड्यांचे गोल सांधे किंवा पुढील आसाचे खीळ झिजले आहेत. येथे तेल बदलून उपयोग नाही.

७. तारिहाळच्या ट्रॅक्टरचे काय झाले?

मेस्त्रींनी त्या ट्रॅक्टरास हात लावण्यापूर्वी मुलाच्या वडिलांस तीन प्रश्न विचारले. आवाज केव्हा येतो? सकाळी सुरू करताच. तेल कमी होते काय? नाही, खाली थेंबही पडत नाही. पंप बदलल्यावर आवाज बदलला काय? नाही, तोच राहिला.

"मग मास्तर, तुम्हीच सांगा," ते आमच्याकडे वळून म्हणाले, "पंप नवा आला आणि आवाज जुनाच राहिला. तेव्हा आवाज पंपात होतो खरा, पण कारण पंपात असेल काय?"

त्यांनी टाकीचे झाकण उघडले. तेलावर बारीक फेस होता. म्हणजे तेलात हवा शिरत होती. पण तेल बाहेर गळत नव्हते, तर हवा आत कशी येणार? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यास पडला, आणि तो योग्यच होता. याचे उत्तर असे की, पंपाच्या पुढील नळीत दाब असल्यामुळे तेथे भेग पडली तर तेल बाहेर येते; परंतु पंपाच्या मागील नळीत शोषण असते, म्हणून तेथे भेग पडली तर तेल बाहेर न येता बाहेरील हवाच आत ओढली जाते. गळती आहे, पण ती उलट दिशेची!

मग मेस्त्रींनी पंपाच्या फिरत्या भागांपासून हात दूर ठेवून शोषणाच्या नळीच्या टोकाशी, क्लिपेभोवती, जाड ग्रीस थापले आणि इंजिन मंद गतीने सुरू करविले. आवाज क्षणभर थांबला व थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. ग्रीसने भेग बुजली, तेवढ्यापुरती हवा थांबली. पुढे ग्रीस आत ओढले गेले आणि मार्ग पुन्हा मोकळा झाला. निदान पूर्ण झाले. नळी काढून पाहता, अनेक उन्हाळ्यांच्या तापाने तिचे रबर कडक होऊन क्लिपेखाली केसासारखी भेग गेलेली आढळली. वीतभर नवी नळी व दोन क्लिपा एवढ्यावर काम भागले. नांगर मात्र प्रारंभापासून व्यवस्थित का उचलला जात होता? कारण त्या ट्रॅक्टरात उचलण्याचा पंप निराळा आहे. ही खूणही पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती. बिघाड स्टेअरिंगच्याच तेलमार्गात शोधावयाचा, हे तिने सांगितले होते.

नव्या पंपाची किंमत मात्र परत मिळाली नाही. विक्रेत्याचा यात दोष नाही. मागितले ते त्याने दिले. मुलाचे वडील एवढेच म्हणाले, "सर, या पैशांत मुगाचे बियाणे आले असते." जुना पंप त्यांनी घासूनपुसून घरी ठेवला आहे, तो निर्दोषच होता.

८. दुरुस्तीनंतर हवा काढणे

नळी बदलल्यावर आत राहिलेली हवा काढावी लागते. पुढील चाके आधारावर उचलून टाकी योग्य पातळीपर्यंत भरावी. इंजिन सर्वांत मंद गतीने चालवावे व चक्र अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेक वेळा फिरवावे. मात्र टोकास धरून ठेवू नये. मध्यंतरी इंजिन थांबवून पातळी पाहावी व तेल घालावे. फेस नाहीसा झाला, आवाज थांबला आणि चक्र एकसारखे फिरू लागले, म्हणजे हवा निघाली असे समजावे. त्यानंतर चाके जमिनीवर आणून पुन्हा पातळी पाहावी, आणि मोकळ्या शेतात सावकाश चालवून खात्री करून घ्यावी.

तेल कोणते घालावे? पुस्तिकेत सांगितले असेल तेच. काही ट्रॅक्टरांत स्टेअरिंगची टाकी स्वतंत्र असते, काहींत गिअरपेटीतील तेलच येथेही वापरले जाते. हाताशी आहे म्हणून ब्रेकचे तेल ओतणे ही मोठी चूक होय. त्याने येथील रबरी सीले फुगून निकामी होतात. टाकी उघडण्यापूर्वी झाकणाभोवतीची काळी धूळ पुसावी, कारण रिलीफ व्हॉल्व्ह अडकविणारा कण बहुधा याच वाटेने आत जातो.

नित्याची काळजीही थोडकीच आहे. दर आठवड्यास पातळी पाहावी. नेमून दिलेल्या वेळी गाळणी व तेल बदलावे. चक्र टोकास काही क्षणांहून अधिक काळ ताणून धरू नये, कारण तेव्हा सर्व तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरून व्यर्थ तापते. आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टर सावलीस लावावा. रबरास ऊन मानवत नाही.

९. समारोप

विद्यार्थी मित्रहो, या पाठातील प्रत्येक नळीचे नाव तुमच्या स्मरणात राहिले नाही तरी चालेल. परंतु एक रीत अवश्य स्मरणात ठेवा. बिघाड दिसताच काय बदलावे हे विचारू नका. बिघाड केव्हा दिसतो, केव्हा दिसत नाही, आणि कोणती गोष्ट केल्याने तो तिळभरही बदलला नाही, हे आधी विचारा. नवा पंप बसवूनही न बदललेला आवाज हाच त्या ट्रॅक्टरचा सर्वांत बोलका साक्षीदार होता. त्याची साक्ष कोणी घेतली नाही, इतकेच. भूमितीत प्रमेय सोडविताना तुम्ही हीच रीत वापरता. ती वहीपुरती नाही. घरातील पैसा, वडिलांचा खांदा व पेरणीचे दिवस वाचविण्याइतके सामर्थ्य तिच्यात आहे.

तो विद्यार्थी सोमवारी वर्गात आला. वापशाचे थोडे दिवस उरले होते, त्यांत पेरणी उरकली. विज्ञानाच्या तासास पास्कलचा नियम निघाला, तेव्हा फळ्यावरील आकृतीत शोषणाची व दाबाची नळी कोणती हे सांगण्यास तोच प्रथम उठला, आणि भेग पडल्यास कोणत्या नळीतून तेल बाहेर येईल व कोणत्या नळीतून हवा आत जाईल, हेही त्याने न विचारता सांगितले.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) सिलिंडराच्या दट्ट्याचा व्यास ६ सेंटिमीटर व तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ७० किलो असल्यास दांडा नसलेल्या बाजूने किती रेटा मिळेल? दांड्याचा व्यास ३ सेंटिमीटर असल्यास दुसऱ्या बाजूने किती मिळेल?

(२) स्टेअरिंग केवळ डावीकडे जड आहे. पंप बदलण्याचा सल्ला योग्य आहे काय? कारण द्या.

(३) शोषणाच्या नळीस भेग पडली असता तेल जमिनीवर का सांडत नाही?

(४) आपल्या घरातील किंवा शेजारील एखादे बिघडलेले यंत्र घ्या. बिनखर्चाच्या तपासणीपासून खर्चाच्या दुरुस्तीपर्यंत निदानाच्या पायऱ्या क्रमाने लिहा, आणि वडील मंडळींस वाचून दाखवा.